कप्तानाने अडवलेली जागा

एर्सिलिया फाब्रेत्तीचा नवरा हयात असताना पलंगाच्या दोन्ही बाजू अडवून झोपायचा. मेल्यावरही त्याने तेच केलं.

त्याचं असं झालं. पिएत्राजाल्ला गावात माणसाला मातीत पुरत नाहीत. दफनभूमीच्या भिंतीत कप्पे आहेत, त्यात सरकवतात, तोंडावर संगमरवरी फरशी बसवतात, फरशीवर नाव आणि नावाच्या वर चिनीमातीवर उमटवलेला अंडाकृती फोटो. शहाणी जोडपी लग्न झाल्या झाल्या दोन लागून असलेले कप्पे घेऊन ठेवतात. नाहीतर पुढे एक जण चौथ्या रांगेत आणि दुसरा खाली दाराजवळ अशी ताटातूट होते, आणि ती मग कायमची असते. एर्सिलिया आणि नाझ्झारेनोनेही वेळेवर घेतले होते. दुसरी रांग, उजेडाची बाजू, फुलं ठेवायला शिडी लागत नाही. तेवढं एक काम उरकल्यावर दोघं निर्धास्तपणे भांडायला मोकळी झाली.

मग गावात सिनेमावाले आले. सिनेमाचं नाव ‘कप्तानाची खेचरं’. त्यात युद्ध संपतं, पलटण घरी परतते, पण कप्तान ऑरेलिओ आपली खेचरं घेऊन मागेच राहतो, आणि दोन तास सगळे त्याला शोधत डोंगर पालथे घालतात. वाटेत भेटेल त्याला विचारतात, “कप्तान इथून गेले का?” आणि जो तो सांगतो, “आत्ताच गेले. तुम्ही उशीर केलात.” शेवटी सापडते ती त्याची कबर. कप्तान म्हणून पडद्यावर जे काही येतं ते कबरीवरच्या फोटोत, तेवढंच. दिग्दर्शकाला त्या फोटोसाठी असा चेहरा हवा होता की जो आधी कुणी पाहिलेला नाही आणि नंतर कुणी विसरणार नाही. तो त्याला आमच्या नाझ्झारेनोच्या रूपाने एका बिघडलेल्या ट्रॅक्टरखाली सापडला.

त्याला बाहेर ओढून तोंड धुवायला लावलं, डोक्यावर कप्तानाची टोपी ठेवली आणि फोटो काढला. बिदागी म्हणून टोपी त्यालाच देऊन टाकली. पुढची कितीतरी वर्षं तो ती घालून ऑलिव्ह झोडायला जायचा. कबरीसाठी रिकामा कप्पा हवा होता, तर नाझ्झारेनोने मोठ्या मनाने बायकोचा देऊ केला. “तिला कुठे एवढ्यात घाई आहे,” असं तो म्हणाल्याचं एर्सिलियाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. सिनेमावाले तीन दिवसांनी गेले. फरशी राहिली. काढू सावकाश, म्हणत ती तशीच राहिली, जशी प्रत्येक घरात एखादी मोडकी खुर्ची राहते.

सिनेमा चालेल असं कुणाला वाटलं होतं? पण तो चालला. देशभर कप्तानाचे भक्त निपजले, तोरिनो शहरात त्यांचं रीतसर मंडळ झालं, आणि दर मे महिन्यात एका शनिवार-रविवारी हे मंडळ बस भरून सिनेमातल्या जागा पाहायला येऊ लागलं. गावाला त्यांची सवय झाली. ते दिसेल त्याला विचारत, “कप्तान इथून गेले का?” आणि गावातला प्रत्येक जण, भाजी निवडणारी म्हातारी असो की चौकातला पोलीस, हातातलं काम न थांबवता सांगे, “आत्ताच गेले. तुम्ही उशीर केलात.” खुद्द नाझ्झारेनोला त्यांनी किती वेळा विचारलं असेल. ट्रॅक्टरखालून तोही हेच सांगायचा. त्याला कुणी कधी ओळखलं नाही, कारण तोपर्यंत त्याचं पोट सुटलं होतं आणि कप्तानाचं सुटलेलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी नाझ्झारेनो वारला तो ऐन ऑगस्टच्या मध्यावर, सगळा देश समुद्रात डुंबायला गेलेला असतो तेव्हा. आमच्याकडे शवपेटी चर्चच्या दारातून बाहेर आली की लोक टाळ्या वाजवतात. जन्मभर जे काही केलंस ते बरं केलंस, अशी ती दाद असते. रागीट, कंजूष, कशाही माणसाला ती मिळते. नाझ्झारेनोच्या वेळी चर्चबाहेर सहा माणसं होती. पाद्री एवाझिओंनी दोन टाळ्या वाजवून पाहिल्या, त्या इतक्या केविलवाण्या वाजल्या की त्यांनी हात झग्यात घातले. पेटी मुकाट्याने गाडीत चढली. एर्सिलियाला नवरा गेल्याचं दुःख झालंच, पण ते दुःख वयाप्रमाणे निवलं. टाळ्यांचं मात्र निवलं नाही.

वर फरशीवरच्या फोटोची पंचाईत. घरातल्या एकूण एक फोटोंत नाझ्झारेनो एक तर शिंकत होता, नाहीतर पाठमोरा होता. जन्मात एकच धड फोटो निघालेला, तो सिनेमावाल्यांचा. मग तोच दिला, फक्त टोपी तेवढी कापायला सांगितली. तेव्हापासून त्या भिंतीत एकच माणूस शेजारी-शेजारी दोनदा राहतो. डावीकडे कप्तान ऑरेलिओ, टोपीसकट, पुढ्यात फुलांचा ढीग, फोटोवर बायकांच्या ओठांचे रंग. उजवीकडे नाझ्झारेनो फाब्रेत्ती, बोडका, पुढ्यात एर्सिलियाने ठेवलेली कार्नेशनची चार फुलं. गावाला हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यात बोलण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं.

यंदा एप्रिलमध्ये डॉक्टरांनी एर्सिलियाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मग हवापाण्याबद्दल बोलायला लागले. ती समजायचं ते समजली. थेट नगराध्यक्षांकडे गेली आणि म्हणाली, माझा कप्पा रिकामा करून द्या.

नगराध्यक्ष ग्वाल्तिएरो हा तिच्या डोळ्यांदेखत शेंबड्याचा मोठा झालेला, त्यामुळे तो तिला घाबरून होता. त्याने आधी पेट्रोलपंपापलीकडच्या नव्या दफनभूमीचं कौतुक केलं. भरपूर ऊन, गाडी लावायला जागा.

“मला गाडी लावायची नाही,” एर्सिलिया म्हणाली. “मला नवऱ्याशेजारी झोपायचंय.”

“काकू, तिथे कप्तान आहेत.”

“कोण कप्तान? आत हवा आहे नुसती. तुलाही माहितेय.”

“मला माहितेय, तुम्हाला माहितेय. फरशीला माहीत नाही ना. नियम असा आहे की ज्या कप्प्यावर नाव, तो भरलेला. उघडायचा तर ज्याचं नाव त्याच्या घरच्यांनी सांगायला हवं, नाहीतर त्याच्या बायकोला आत ठेवायचं असेल तर. कप्तानाला घरचे कुठून आणू? असलं तर ते मंडळच.” मग त्याने आवाज खाली आणला. “त्या दोन दिवसांत हॉटेल भरतं, खाणावळ भरते. मंडळाने हो म्हटलं तर मी स्वतः छिन्नी घेऊन येतो.”

म्हणून मेच्या त्या शनिवारी सकाळी, ठेवणीतला निळा झगा घालून आणि मांडीवर झाकलेली परडी घेऊन, एर्सिलिया मंडळाच्या बसमध्ये बसली. बस चालवायला तिच्या नणंदेचा मुलगा सेत्तिमिओ होता. मामीला पहिल्या बाकावर बसवताना तो कानात म्हणाला, “मामी, दोन दिवस काही म्हणजे काही हसायचं नाही. ते लोक फार मनावर घेतात.”

मंडळाच्या अध्यक्षा ऑर्नेल्ला क्वालिया या तोरिनोत औषधांचं दुकान चालवत. साठीच्या आसपास, सडसडीत, केस मागे घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. कॉलेजात असताना त्यांनी तो सिनेमा पाहिला आणि त्यानंतर आलेली सगळी स्थळं नाकारली, असं सेत्तिमिओ सांगायचा. एर्सिलियाला ते ऐकून आधी हसू यायचं. आता शेजारी बसल्यावर मात्र या बाईचे नीट इस्त्री केलेले हातरुमाल बघून तिला थोडं कसंतरी झालं.

पहिला मुक्काम विहिरीचा. ही विहीर सिनेमावाल्यांनी पुठ्ठ्याची आणि प्लास्टरची केली होती, ती दुसऱ्याच पावसाळ्यात विरघळली. मग लोक येऊन हळहळायला लागले, म्हणून नगरपालिकेने तशीच हुबेहूब दगडाची बांधली. खाली पाणी नाही, कधी नव्हतंच. मंडळींनी रांग लावली, एकेकाने बादली खाली सोडली, रिकामी वर ओढली, तोंडाला लावली आणि मनगटाने ओठ पुसले. एक जण म्हणाला की यंदा पाणी जरा मचूळ लागतंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

पुढे शेतातली खाणावळ. सिनेमात एक शिपाई तिथे मटारचं सूप खाताना रडतो. तो खरोखरच रडला होता, कारण आचारणीच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. आता खाणावळीची मालकीण जाणूनबुजून दोनदा टाकते. मंडळातल्या बाया-पुरुषांनी डोळे मिटून ते सूप घशाखाली उतरवलं आणि मोठ्या समाधानाने रडले. एर्सिलियाने आपलं ताट सेत्तिमिओकडे सरकवलं. त्याने ते कुत्र्याकडे सरकवलं. कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

मग तिठा. इथे कप्तान डावीकडे वळला की उजवीकडे हे सिनेमात दाखवलेलं नाही, त्यामुळे मंडळात दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. बस थांबली, अर्धे उतरून एका वाटेने चालू लागले, अर्धे दुसऱ्या. दोन्ही वाटा पुढच्या वळणावर एकत्र येतात. तिथे भेटल्यावर दोन्ही तटांनी तोंडं फिरवली आणि गुपचूप बसमध्ये येऊन बसले.

परतीच्या वाटेवर ऑर्नेल्लाबाई प्रथेप्रमाणे बसमध्ये उभ्या राहिल्या. पाहुण्याला प्रश्न विचारायचा मान अध्यक्षांचा. 

“बाई, कप्तान इथून गेले का?”

एर्सिलियाने हा प्रश्न दारात बसून, शेंगा सोलत, शंभरदा ऐकला होता. उत्तर जिभेवर आलंच होतं. ते तिने गिळलं.

“हो,” ती म्हणाली. “चव्वेचाळीस वर्षं माझ्याच घरात होता. घोरायचा. पलंगाच्या दोन्ही बाजू अडवायचा. रोज रात्री म्हणावं लागायचं, नाझ्झारे, सरक जरा. तेव्हा कुठे चार बोटं सरकायचा.”

बसमध्ये सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी म्हणालं, वा, काय नवीन उत्तर बसवलंय, इतक्या वर्षांत असं कुणाला सुचलं नाही. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाला फोनवर टिपायला वेळ मिळाला नव्हता, त्याने विनंती केली की बाईंनी पुन्हा एकदा म्हणून दाखवावं, आणि ‘घोरायचा’ म्हणताना जरा खिडकीबाहेर बघावं. एर्सिलियाने खिडकीबाहेर बघितलं, पण म्हणाली काही नाही. समोरच्या आरशात सेत्तिमिओ ओठ चावत होता.

संध्याकाळी जेवणावर तिने ऑर्नेल्लाबाईंना गाठलं. तळलेली भरली ऑलिव्ह आली, वाईन आली, आणि तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. फोटोतला माणूस माझा नवरा. कप्पा माझा. डॉक्टर हवापाण्यावर बोलायला लागलेत. तुम्ही हो म्हणा.

ऑर्नेल्लाबाईंनी काटा खाली ठेवला. 

“ते शक्य नाही,” त्या म्हणाल्या. “तो कप्पा मी मागितलाय. माझ्यासाठी. नगराध्यक्षांनी विचार करतो म्हटलंय.”

“तुमच्यासाठी?”

“आत कुणी नाही हे मलाही कळतं, बाई. मी औषधं विकते, खुळी नाही. पण माझं दुसरं कुणी नाही.”

एर्सिलियाने ग्लास उचलला, रिकामा केला आणि शांतपणे खाली ठेवला. उभ्या जन्मात नाझ्झारेनोकडे दुसऱ्या बाईने वळून पाहिलं नव्हतं. इतक्या उशिरा, तोही मेल्यावर, आणि तोरिनोहून?

“म्हणजे तुम्ही माझी सवत,” ती म्हणाली.

“तुमच्याकडे काय पुरावा आहे?”

“उद्या दाखवते.”

 शेवटचं ऑलिव्ह ताटात उरलं, तेव्हा ते दोघींनीही एकमेकींसाठी सोडलं आणि वेटर घेऊन गेला.

घरी येऊन बघते तर नणंद पाल्मीरा ओट्यावर वाटच पाहत होती. गावात बातमी बसच्या आधी पोचते. पाल्मीराचं म्हणणं असं की या वयात परक्या बायांशी नवऱ्यावरून भांडणं शोभत नाही, आणि तिच्या भावाला हे मुळीच आवडलं नसतं. “नव्या दफनभूमीत काय वाईट आहे?” तिने विचारलं.

“वन्सं, तुम्ही जा ना मग तिथे,” एर्सिलिया म्हणाली. “तुमचा कप्पा मला द्या.”

पाल्मीराला एकाएकी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मंडळ रांगेने दफनभूमीत शिरलं. मागे निम्मं गाव, कारण आमच्याकडे दफनभूमीकडे चाललेली रांग दिसली की माणूस विचार न करता तिच्यात शिरतो. फाटकापाशी नगराध्यक्ष पदाचा तिरंगी पट्टा बांधून उभा होता. त्याला विचारलं, कप्तान इथून गेले का. तो म्हणाला आत्ताच गेले, आणि बाजूला झाला.

एर्सिलिया आधीच जाऊन उजवीकडच्या फरशीला पाठ लावून उभी होती, परडी हातात. मंडळ कप्तानापुढे अर्धवर्तुळात उभं राहिलं. टाळ्या झाल्या. दर वर्षी होतात, चांगल्या भरघोस, चर्चच्या माळ्यावरची कबुतरं उडतात. मग ऑर्नेल्लाबाई पुढे झाल्या, त्यांनी आपली दोन बोटं ओठांना लावून कप्तानाच्या फोटोवर टेकवली, आणि एर्सिलिया बाजूला सरकली.

तीस-बत्तीस वर्षं ऑर्नेल्लाबाई या भिंतीपुढे उभ्या राहिल्या होत्या. पण माणूस आपल्या देवाकडे बघतो, शेजारच्या देवळाकडे बघत नाही. आज पहिल्यांदाच त्यांची नजर वीतभर उजवीकडे गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हे कोण?”

“तोच,” एर्सिलिया म्हणाली. “टोपी काढून.” आणि परडीवरचं फडकं दूर करून तिने टोपी बाहेर काढली. बिल्ल्याच्या जागी ऑलिव्हच्या तेलाचा डाग होता, बाकी तीच.

एवढा गलका त्या दफनभूमीत कधी झाला नसेल. सगळे एकदम फरशीवर झुकले. फोटोत न दिसणारा डावा कान हा मंडळातला जुना वादाचा विषय होता. गोळी लागली असावी, असं एका तटाचं मत. एर्सिलियाने सांगितलं की त्याचा शेंडा लहानपणी बकरीने खाल्ला. त्यावर एक बाई भोवळ येऊन खाली बसली. काय जेवायचा, कुठल्या कुशीवर झोपायचा, गाणं म्हणायचा का, प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. फोन बाहेर आले. कुणाचा तरी धक्का लागून कार्नेशनचा पेला कलंडला, पाणी सांडलं, ते कुणी पाहिलंही नाही. आणि नगराध्यक्ष ग्वाल्तिएरोच्या डोळ्यांत चमक आली. तो मोठ्याने म्हणाला की आता ही दोन्ही स्मारकं एकत्रच जतन करू, मधे दोरी लावू, समोर दोन बाकं टाकू.

एर्सिलियाने ओळखलं की आपण गेलो बाराच्या भावात. एक कप्पा मागायला आलो आणि दुसराही हातचा चालला. तिला इतका संताप आला की छातीतलं ते दुखणंसुद्धा वाट सोडून उभं राहिलं असावं.

“मागे व्हा सगळे,” ती म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण गावातली माणसं तिला ओळखत असल्यामुळे आधी मागे झाली आणि त्यांच्या धक्क्याने मंडळही झालं.

“याला टाळ्या मिळाल्या नाहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं. “हा गेला तेव्हा सहा माणसं होती. तुम्ही दर वर्षी बस भरून येता आणि वीतभर डावीकडे टाळ्या वाजवता, हवेला. मी इथे उभी असते. मला त्याचंही काही नाही, वाजवा. तो कप्तान झाला यात मलाही बरंच वाटायचं. पण मी मेल्यावर मला पेट्रोलपंपाजवळ टाकणार आणि इथे दोरी लावणार. आयुष्यभर हा माणूस माझ्या जागेवर पसरला. मला कुठलं स्मारक नको. मला माझी बाजू द्या.”

 एका पोराने फोन खिशात घातला. नगराध्यक्ष पट्ट्याची गाठ चाचपत राहिला.

ऑर्नेल्लाबाई कितीतरी वेळ त्या दोन फोटोंकडे पाहत होत्या, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग त्यांनी विचारलं, “नगराध्यक्ष, नियम काय म्हणालात तुम्ही? कप्पा कुणासाठी उघडतो?”

“घरच्यांच्या सांगण्यावरून. किंवा बायकोसाठी.”

“आणि कप्तानाच्या घरचं कोण?”

“तुम्हीच म्हणायचं.”

“मग मंडळ असं सांगतंय की ही बाई कप्तान ऑरेलिओची विधवा आहे.”

“पण कप्तान अविवाहित होता असा तुमच्याच मंडळाचा ठराव आहे,” नगराध्यक्ष म्हणाला. “माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे तो.”

“तो मीच मांडला होता,” ऑर्नेल्लाबाई म्हणाल्या. “आता मागे घेते. हात वर करा.”

तिथेच, मेलेल्यांच्या साक्षीने, मतदान झालं. तिठ्यावरून भांडणारे दोन्ही तट पहिल्यांदा एका बाजूला आले. काही जुन्या सभासदांनी हात खाली ठेवले, कारण कप्तानासारखा माणूस लग्न करून बसला हे त्यांच्या पचनी पडेना. गावकऱ्यांनीही उत्साहाने हात वर केले. त्यांना मत नव्हतं, पण त्यांना कुणी अडवलं नाही.

ठराव मंजूर झाल्यावर पंचाईत अशी झाली की आता काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी तोरिनोचा एक निवृत्त स्टेशनमास्तर पुढे आला, टोपी काढून त्याने एर्सिलियाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “फार वाईट झालं. फार मोठा माणूस गेला.” त्याच्यामागे आपोआप रांग लागली. सगळ्या मंडळाने आणि मागोमाग सगळ्या गावाने एका कधीच न जन्मलेल्या माणसाबद्दल तिचं सांत्वन केलं. पाद्री एवाझिओंनीसुद्धा. एर्सिलिया प्रत्येकाला म्हणत होती, हो, काय करणार, वेळ आली होती.

रांगेच्या शेवटी पाल्मीरा. “वहिनी,” ती दातओठ खात म्हणाली, “माझ्या भावाच्या शेजारी परक्या माणसाची बायको म्हणून झोपणार तुम्ही?”

“परका कसला, वन्सं. तुमचाच भाऊ आहे. बघा की नीट.”

पाल्मीराने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रुमाल काढून म्हणाली, “टोपीत बरा दिसायचा मेला.”

आणि मग ऑर्नेल्लाबाईंनी कप्तानापुढून उजवीकडे एक पाऊल टाकलं. फक्त एक. नाझ्झारेनो फाब्रेत्ती या नावासमोर त्या उभ्या राहिल्या, कलंडलेला पेला उचलून सरळ केला, चार कार्नेशन त्यात खोचली, आणि टाळ्या वाजवायला लागल्या. पहिल्या दोन एकट्याच वाजल्या, पाद्री एवाझिओंच्या वाजल्या होत्या तशाच. मग स्टेशनमास्तर, मग सेत्तिमिओ, मग सगळे. कबुतरं नुकतीच परत येऊन बसली होती, ती बिचारी पुन्हा उडाली. टाळ्या थांबेचनात. एर्सिलिया सगळ्यांसमोर उभी राहून रडली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला रडताना लाज वाटली नाही.

दुपारी बस निघायच्या वेळी ती चौकात निरोप द्यायला आली. परडीतली टोपी काढून तिने ऑर्नेल्लाबाईंच्या हातात ठेवली. त्या घेईनात. “घ्या,” एर्सिलिया म्हणाली. “आत बघा, त्याचे चार केस अजून अस्तराला चिकटलेत. कप्तानाचे कुठे मिळणार?” तेव्हा त्यांनी घेतली आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली.

बस सुरू झाली तशी त्यांनी खिडकी उघडली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते कसं बोलावं ते कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “बाई, रागावू नका. पण मंडळाची एक विनंती आहे. तुमची वेळ आली, तर जमल्यास शुक्रवारी येऊ द्या. म्हणजे रविवारी आम्हाला सगळ्यांना येता येईल. बस भरून.”

“आणि टाळ्या?”

“तो काय प्रश्न झाला?”

“बघते,” एर्सिलिया म्हणाली. “पण ऑगस्टमध्ये नाही मरणार, एवढं नक्की.”

बस वळणाआड गेली. ती घरी न जाता परत दफनभूमीत गेली. ग्वाल्तिएरोचं छिन्नीचं सावकाश होणार होतं, पण त्याने शब्द दिला होता आणि गवंड्याला फरशीचं माप घ्यायला सांगितलं होतं. कप्तान ऑरेलिओच्या नावाखाली भरपूर मोकळी जागा आहे, त्यात ‘आणि पत्नी एर्सिलिया’ सहज मावेल, असं गवंडी म्हणाला होता. तिथे आता कुणी नव्हतं. दोन्ही फोटो नेहमीसारखे किंचित डावीकडे बघत होते.

तिने आधी उजवीकडच्या फोटोवरची धूळ बाहीने पुसली. मग डावीकडे आली, कुणाच्या तरी ओठांचा रंग लागला होता तो थुंकी लावून साफ केला, आणि फरशीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली.

“कप्तानसाहेब,” ती म्हणाली, “सरका जरा.”

आणि ती थांबली. जन्मभराची सवय होती. तो चार बोटं सरकेपर्यंत तिला थांबावं लागायचं.